दहावी गोटी

क्विरिन हास्लबेकची गोष्ट सांगायची तर आधी माझी लाज सांगितली पाहिजे. त्या रविवारी जो हशा उठला, तो मी उठवला होता. नंतर सगळ्यांनी दोष क्विरिनवर टाकला आणि क्विरिननेही तो निमूट घेतला. पण हसं करण्याचं काम मात्र माझ्या जिभेचं. माझं नाव लोरेन्त्स, गाव मला लेन्त्स म्हणतं. चव्वेचाळीस वर्षं मी तालुक्याच्या साप्ताहिकात पानं लावली. पानं लावणाऱ्याला काय माहीत असतं आणि वेळेवर काय आठवत नाही, ते पुढे येईलच.

क्विरिन मांस तपासनीस होता. आमच्या फिल्स नदीच्या खोऱ्यात शेतकरी घरचं डुक्कर घरीच कापत. पण तपासनीस येऊन गेल्याशिवाय कढई पेटवायची नाही, असा कायदा. क्विरिन सायकलवरून यायचा, चिमूटभर मांस कापून दोन काचांमध्ये दाबायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. किडा दिसला तर अख्खं डुक्कर पुरायचं. नाही दिसला तर मांडीवर निळा शिक्का. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती याने एकतीस वर्षं केली, आणि तेवढा वेळ घरची सगळी माणसं हातात टोप्या घेऊन त्याच्याभोवती गप्प उभी असायची. अशा गप्प माणसांची एखाद्याला सवय लागते. क्विरिनला लागली होती.

निवृत्त झाल्यावर तो बुटक्या गाड्यांकडे वळला. महायुद्धानंतर आमच्या लोकांकडे धड गाडी घ्यायला पैसे नव्हते आणि मोटरसायकलवर बायको-पोरं पावसात भिजायची. तेव्हा ज्याच्याकडे पत्रा आणि स्कूटरचं इंजिन होतं त्याने गाडी बनवली. कुणाची तीन चाकांची, कुणाची अंड्यासारखी, कुणाची विमानाचं टोपण उघडावं तशी वरून उघडणारी. दहाएक वर्षांत सगळ्या संपल्या. ज्यांचे बाप त्या चालवायचे ती मुलं म्हातारी झाली आणि त्यांनी क्लब काढला. आमच्या क्लबात तेवीस माणसं आणि चालू स्थितीतल्या अकरा गाड्या. बाकीच्यांकडे सुटे भाग आणि आशा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की आम्ही त्सेन्झीच्या खानावळीत जमायचो. पांढरं सॉसेज, गोड मोहरी, प्रेत्सेल म्हणजे खारट वेढ्याचा पाव, आणि बिअर. पांढरं सॉसेज बाराची घंटा व्हायच्या आत संपवायचं ही आमच्याकडची रीत, आणि क्लबने तिला आपली एक जोडली होती. प्रत्येकाने एक फोटो आणायचा. फोटोत गाडीचा तळहाताखाली झाकेल एवढाच तुकडा दिसला पाहिजे. एखादी मूठ, एखादा दिवा, पत्र्याची एखादी मुडप. गाडी कुठली ते क्विरिनने बाराच्या आत सांगायचं. चुकला तर सगळ्यांची बिअर त्याच्याकडून. बारा वर्षांत त्सेन्झीने त्याच्याकडून एकदाही बिअरचे पैसे घेतले नव्हते.

त्याच्या खिशात पुठ्ठ्याची एक चकती असायची, ग्लासाखाली ठेवतात तसली, मधोमध नाण्याएवढं भोक पाडलेली. फोटो आला की तो ती चकती वर ठेवायचा आणि भोकातून बघायचा. आधीच तळहाताएवढा तुकडा, त्यातलाही नाण्याएवढा.

"स्टीअरिंगच्या दांड्याला खाली सांधा आहे," तो म्हणायचा. "म्हणजे दाराबरोबर स्टीअरिंग बाहेर येतं. इझेटा. सांधा नसता तर हाइंकेल म्हटलं असतं."

एकदा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या हायनीने दाराच्या कडेच्या रबराचा फोटो आणला. नुसतं काळं रबर. क्विरिन दोन मिनिटं बघत राहिला.

"यानुसचं मागचं दार. पण रबर यानुसचं नाही. ट्रॅक्टरचं आहे."

"माझ्याच ट्रॅक्टरचं," हायनी म्हणाला. "दुसरं मिळत नव्हतं रे बाबा."

घरी क्विरिनकडे लाकडी पेट्यांत चौदाशे कार्डं होती. जुनी मासिकं, जाहिराती, लोकांच्या अल्बममधले फोटो गोळा करून तो त्यातला कामाचा तुकडा कात्रीने कापायचा, कार्डावर चिकटवायचा आणि उरलेलं चुलीत घालायचा. उरलेलं कशाला जाळायचं, असं मी एकदा विचारलं होतं. "अख्खी गाडी पाहिली की माणूस पाघळतो," तो म्हणाला. "आजोबा आठवतात, सहल आठवते, मग जे नाही तेही दिसायला लागतं. तुकडा बघावा. तुकड्याला आजोबा नसतात."

हळूहळू बाहेरूनही फोटो येऊ लागले. डेन्मार्कमधून, हॉलंडमधून. क्विरिन एका ओळीत उत्तर पाठवायचा. आमच्या जिल्ह्याच्या म्युझियमवाल्यांनी तर ठरवूनच टाकलं की बुटकी गाडी घ्यायची ती हास्लबेक हो म्हणाला तरच. त्याची एक अटही होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मान्य केली होती: आधी फोटो, मग गाडी. फोटोला नाही म्हटलं तर गाडी बघायला जायचंच नाही. डुक्कर नापास झालं की शेतकऱ्याच्या बायकोचं रडं ऐकत बसत नाहीत, असं तो म्हणायचा.

दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात, पहिल्या रविवारी, कोर्बिनियान त्सोलनर आपल्या मुलीबरोबर आला. बुर्गी तिचं नाव, पन्नाशीची, दवाखान्यात काम करणारी. ही दोघं वाइडबाखची, म्हणजे आमच्यापासून अठरा किलोमीटर. म्हातारा ब्याऐंशीचा होता. चर्चला घालायचा कोट, गळ्यापर्यंत बटणं, आणि मांडीवर टोपी. हात मात्र कोटात न शोभणारे. बोटांवर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग.

वाइडबाखला पंचावन्न साली प्रेख्टल नावाच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये एक गाडी बनत होती, मुर्मल. मुर्मल म्हणजे गोटी, आणि ती होतीही गोटीसारखी गोल. समोर एकच दार, फ्रिजसारखं उघडणारं. नऊ बनवल्या आणि प्रेख्टलचं दिवाळं वाजलं. वर्कशॉप पुढे जळालं, कागद गेले, गाड्याही एकेक करून गेल्या. क्लबच्या यादीत मुर्मलपुढे क्विरिनने लिहिलं होतं, "एकही शिल्लक नाही."

"एक आहे," बुर्गी म्हणाली. "बाबांच्या गोठ्यात आहे. बाबा प्रेख्टलकडे कामाला होते. शेवटच्या महिन्याचा पगार द्यायला नव्हता म्हणून प्रेख्टलने त्यांना गाडी दिली. इंजिन कधीच विकलं, पण बाकी सगळी आहे. आता घर विकलंय आणि बाबा माझ्याकडे राहायला येतायत. माझं घर दुसऱ्या मजल्यावर. म्युझियमवाले घ्यायला तयार आहेत, पण म्हणतात, हेर हास्लबेकांना विचारा. डिसेंबर संपायच्या आत गोठा रिकामा करायचाय. नाहीतर भंगारात."

हेर म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत, आणि क्विरिनला ते ऐकायला आवडायचं. तिने फोटो टेबलावर ठेवला. रीतीप्रमाणेच काढला होता. दाराची कड, हेडलाइटचा चतकोर आणि एक जाड बिजागरी.

क्विरिनने चकती ठेवली. त्सेन्झीने ट्रे खाली ठेवला, हायनीने घास चावायचा थांबवला. कोर्बिनियान मात्र फोटोकडे बघत नव्हता, क्विरिनच्या तोंडाकडे बघत होता. भिंतीवरचं घड्याळ बाराला नऊ मिनिटं दाखवत होतं.

क्विरिनने चकती काढली. "नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?" बुर्गीने विचारलं.

"मुर्मल नाही. मुर्मलची बिजागरी समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. माझ्याकडे पंचावन्न सालचं कार्ड आहे, जगात मुर्मलचं तेवढं एकच छायाचित्र सापडलंय. या फोटोत बिजागरी डाव्या हाताला आहे. कुणीतरी घरी बनवलेली गाडी आहे. काम चांगलं आहे, पण मुर्मल नाही."

म्हातारा पहिल्यांदा बोलला. आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "डावीकडेच होती हो. नऊच्या नऊ. मी स्वतः वेल्ड केल्यात सगळ्या बिजागऱ्या. दुसरं कुणी नव्हतंच तिथे वेल्डिंग करणारं."

"साठ वर्षं झाली त्याला, हेर त्सोलनर."

"झाली ना. पण हात विसरत नाही."

"फोटो विसरत नाही," क्विरिन म्हणाला. "माणूस विसरतो."

"तर मग एकदा येऊन बघता का? अठरा किलोमीटर तर आहे. बुर्गी नेईल आणि आणून सोडेल. दाराच्या आतून मी पंच ठोकून नंबर मारलेला आहे."

"नंबर कुणीही मारू शकतो."

आणि इथे मी तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं. टेबलावर शांतता जरा जड झाली होती आणि मला शांतता सहन होत नाही, हे एक कारण. क्विरिनच्या बाजूने बोललं की आपणही थोडे शहाणे दिसतो, हे दुसरं. मी म्हणालो, "नऊ बनवल्या आणि एकही उरली नाही, म्हणजे ही दहावी गोटी म्हणायची. म्हातारपणी गोट्या वाढतात हो आमच्या गावात."

हायनीच्या नाकातून बिअर बाहेर आली. सगळे हसले. क्विरिनही हसला, आणि तो फार क्वचित हसायचा. मला आत गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. नेमकी तेव्हाच बाराची घंटा झाली.

कोर्बिनियानने टोपी डोक्यावर घातली. मग आत बसलेलो आहोत हे लक्षात येऊन पुन्हा काढली. मुलीला म्हणाला, "चल. यांची जेवायची वेळ झाली." सॉसेजची त्याची बशी तशीच होती. दारापाशी तो थांबला आणि त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग डाव्या. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

पुढे दोन-तीन महिने "दहावी गोटी" हा क्लबातला चलनी शब्द झाला. कुणी बढाई मारली की, ही याची दहावी गोटी. माझी पाठ थोपटली जायची.

फेब्रुवारीत क्लबला पंचवीस वर्षं होणार म्हणून पुस्तिका काढायची ठरली. पानं मीच लावणार, दुसरा कोण. मुर्मलवर अर्धं पान द्यावं आणि क्विरिनच्या कार्डावरचा तुकडा न छापता पेपरातली मूळ जाहिरात छापावी असं मला वाटलं. कार्डामागे त्याने आमच्याच साप्ताहिकाचं नाव आणि महिना लिहून ठेवला होता, आणि साप्ताहिकाच्या जुन्या फाइली नगरपालिकेच्या तळघरात आहेत. पंचावन्नच्या मे महिन्याची फाइल काढली. चौथं पान, वरचा डावा कोपरा. तीच बिजागरी, तोच हेडलाइट, आणि या वेळी भोवतीचं सगळं.

गाडी वाइडबाखच्या चौकात उभी होती. शेजारी कोट घातलेला एक माणूस, प्रेख्टलच असणार. मागे चर्च. माझं लग्न त्या चर्चमध्ये झालंय. चौकात उभं राहिलं की कांद्यासारख्या घुमटाचा मनोरा डाव्या हाताला येतो आणि उजव्या हाताला दफनभूमीची भिंत. जाहिरातीत मनोरा उजवीकडे होता. मला वाटलं, चष्मा बदलायला झाला. मग मी प्रेख्टलच्या कोटाकडे पाहिलं. बटणं बायकांच्या कोटासारखी उलट्या बाजूला.

तळघरात खुर्ची नव्हती, मी फाइलींच्या गठ्ठ्यावर बसलो. कारण चित्र उलटं कसं झालं हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्रेसष्ट साली छापखान्यात शिकायला लागलो तेव्हा फोरमनने पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ती. चित्रातली गाडी नेहमी पानाच्या आत तोंड करून असली पाहिजे. डाव्या पानाच्या डाव्या कडेला गाडी लावली आणि तिचं तोंड डावीकडे असलं, तर वाचकाची नजर गाडीबरोबर पानाबाहेर जाते. मग काय करायचं? निगेटिव्ह उलटी टाकायची. नव्या गाडीवर नंबर नसतो, कुणाला कळत नाही. घोड्यांचं केलं, ट्रॅक्टरचं केलं, एकदा बिशपसाहेबांचंही केलं. हे मी स्वतः शेकड्याने केलं होतं. आणि त्या रविवारी क्विरिन "एकच छायाचित्र" म्हणाला, "पंचावन्न सालचं" म्हणाला, तेव्हा मला एवढंही विचारायचं सुचलं नाही की, ते कुठल्या पेपरातलं रे. विनोद तेवढा सुचला.

मी पानाची प्रत काढून क्विरिनकडे गेलो. तो आणि त्याची बायको इर्मी कॉफी पीत होती. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "क्विरिन, अख्खं बघ."

सवयीने त्याने खिशातून चकती काढली आणि बिजागरीवर ठेवली. "उजवीकडे," तो म्हणाला.

"चकती काढ. चर्च बघ."

त्याने चर्च बघितलं. मग कोट. मी फोरमनचं सांगितलं, पान कसं लावतात ते सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. मग म्हणाला, "हे मी कापून टाकलं होतं. चर्च आणि माणूस. चुलीत घातलं."

"कुणाच्याही लक्षात आलं नसतं," मी म्हणालो.

"वाइडबाखच्या कुठल्याही शेंबड्या पोराच्या लक्षात आलं असतं." मग थोडा वेळ तो स्वतःशीच वाद घातल्यासारखा बोलत राहिला. "एकतीस वर्षं. एकही डुक्कर मी चुकीचं नाकारलं नाही. एकही नाही, इर्मी, तुला माहीत आहे."

इर्मीने कप खाली ठेवला. "डुकरांना ऐकू येत नव्हतं, क्विरिन," ती म्हणाली. "त्या माणसाला तुम्ही सगळे हसलात."

त्याच संध्याकाळी त्याने बुर्गीला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून त्याचा चेहरा मी पाहिला. त्याने एवढंच विचारलं, "गाडी अजून आहे का?" मग तो "हो" म्हणाला, पुन्हा "हो" म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने हात पुसले, जसे मांस तपासल्यावर पुसायचा.

"नाताळच्या आधीच गेली," तो म्हणाला. "भंगारवाल्याने जागेवरच तुकडे केले. तिने नको म्हटलं होतं. वडलांनी स्वतः फोन करून बोलावलं त्याला. म्हणाले, हास्लबेक सांगतो म्हणजे माझंच चुकत असणार, आणि जी गाडी खोटी आहे ती कशाला सांभाळायची."

मार्चच्या पहिल्या रविवारी क्विरिन खानावळीत आला, पण बसला नाही. टेबलाच्या टोकाशी उभं राहून त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. कोर्बिनियानने बोलावलं होतं आणि मी गेलो नाही, हेही सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. मी उठून म्हणायला हवं होतं की हसं मी केलं. मी मोहरीची बाटली इकडची तिकडे करत बसलो.

"अरे, होतं असं कधीमधी," हायनी म्हणाला. "बारा वर्षांत एकदा. चल, बिअर पाज आणि सोड."

"बिअर पाजून सुटतं का हे?" त्सेन्झी काउंटरवरून म्हणाली. "त्या म्हाताऱ्याची बशी मी उचलली होती. एक घास खाल्ला नव्हता त्याने."

क्विरिनने यादीची वही मागवली, मुर्मलची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "बिजागरी डावीकडे. वेल्डिंग कोर्बिनियान त्सोलनर. शेवटची गाडी डिसेंबर २०१४ मध्ये माझ्या शब्दावरून मोडली." आणि सही केली. मग मला म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. चित्र कसं उलटं करतात ते तू नीट सांगशील."

बुर्गीच्या घरी आम्ही दुपारी पोचलो. दार उघडून तिने आम्हाला आत घेतलं, पण आधी बोळातच थांबवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, रागासाठी लागणारी ताकद संपलेली होती.

"एक सांगते. त्या दिवसापासून बाबा मला विचारल्याशिवाय काही करत नाहीत. गोळी घेतली का, विचारतात. आज कुठला वार, विचारतात. वार त्यांना बरोबर माहीत असतो, तरी विचारतात. नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. पण त्यांना पटत नाही." तिने क्विरिनकडे बघितलं. "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

कोर्बिनियान खिडकीपाशी बसला होता. आम्हाला बघून उठला, हात मिळवला, कॉफी घ्या म्हणाला. जुना राग धरलेला माणूस असतो तसं काही नव्हतं. उलट घरी मोठा माणूस आल्यासारखी त्याची धांदल झाली. ते बघून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्विरिनने खुर्ची ओढली, कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि घसा साफ केला. "हेर त्सोलनर, मी चुकलो. तुमचं बरोबर होतं. बिजागरी डावीकडेच होती. तुमची गाडी मुर्मल होती. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, बघायला आलो नाही, आणि तुमच्यादेखत हसलो. मला त्याची लाज वाटते."

एवढं बोलताना त्याचा आवाज दोनदा फाटला. मग मी माझं बोललो. हशा माझा होता हे अखेर तिथे सांगितलं. पान कसं लावतात, गाडी आत बघणारी का हवी, निगेटिव्ह कशी उलटी टाकतात, सगळं सांगितलं. चर्चचा मनोरा बोटाने दाखवला, कोटाची बटणं दाखवली. कोर्बिनियान लक्ष देऊन ऐकत होता, मधूनमधून मान हलवत होता. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"बुर्गी," तो म्हणाला, "आपल्या चर्चचा मनोरा कुठल्या हाताला गं?"

"डाव्या, बाबा. तुम्हाला माहीत आहे ते."

"डाव्या. बरं. तू म्हणतेस तर असेल."

या माणसाचा बाप्तिस्मा त्या चर्चमध्ये झाला होता. ब्याऐंशी वर्षं तो त्याच्या सावलीत राहिला होता.

क्विरिनने त्याचा हात धरला. मी क्विरिनला कुणाचा हात धरताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "हेर त्सोलनर, मला सोडा, फोटो सोडा. तुम्ही आठवा. तुम्ही वेल्डिंग करायचात तेव्हा दाराच्या कुठल्या बाजूला वाकायचात?"

कोर्बिनियान आठवू लागला. अगदी मनापासून आठवू लागला. मोकळा हात हवेत थोडा उचलला गेला, डावीकडे, आणि तिथे क्षणभर थांबला. क्विरिन पुढे झुकला. मग त्या हाताने स्वतःलाच पकडल्यासारखं केलं आणि तो मांडीवर खाली आला.

"उजवीकडे," म्हातारा म्हणाला. "उजवीकडेच असणार. तुम्ही इतक्या गाड्या पाहिल्यात."

"मी ती गाडी पाहिलीच नाही हो. हेच तर सांगतोय."

"मी शपथेवर सांगत होतो ना, डावीकडे म्हणून? किती खात्रीने सांगत होतो. सगळ्यांसमोर." त्याला त्या आठवणीची अजून लाज वाटत होती, कानांपर्यंत लाल झाला. "तुमचा वेळ घालवला त्या दिवशी मी."

क्विरिन पुढे पाऊण तास बोलत होता. विनवत होता म्हटलं तरी चालेल. कोर्बिनियान प्रत्येक वेळी नम्रपणे हो म्हणायचा आणि बिजागरीशी आलं की उजवीकडे म्हणायचा. बुर्गी स्वयंपाकघराच्या दारात पाठ टेकून उभी होती. शेवटी तिनेच क्विरिनच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही निघालो. क्विरिनला जिना दिसेना, तो कठडा धरून वरच्या पायरीवर तसाच उभा राहिला. कोर्बिनियान चपला घालून मागोमाग बाहेर आला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, मुलगी ऐकत नाही याची खात्री केली आणि क्विरिनच्या पाठीवर हलका हात फिरवला.

"मनाला लावून घेऊ नका, हेर हास्लबेक," तो हळू आवाजात म्हणाला. "या वयात असं होतं. आज डावीकडे वाटतं, उद्या उजवीकडे वाटतं. मीही असाच हट्ट धरून बसलो होतो. घरचं कुणीतरी जवळ ठेवा आणि त्यांना विचारत जा, मग त्रास होत नाही."